मातीत उतरलेलं सिझियम कुठवर जातं? आणि स्ट्रॉन्शियम?

मृण्मयी

गेले काही महिने एकाच प्रश्नाभोवती वाचन चाललं आहे, म्हणून हा धागा. अणुप्रकल्पाच्या आवारात टाकी झिरपली, जमिनीखालचा पाइप फुटला किंवा पुरलेल्या कचऱ्यात पाणी शिरलं, की सिझियम, स्ट्रॉन्शियम यांसारखं किरणोत्सारी द्रव्य मातीत उतरतं. पुढे त्याचं काय होतं?

याबद्दल बोलणं निघालं की दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणजे पहिल्या पावसातच सगळं भूजलात जातं आणि तिथून विहिरीत. दुसरं म्हणजे माती ही उत्तम गाळणी आहे, दोन-चार फुटांपलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंकडे खरी उदाहरणं असतात, त्यामुळे वाद मिटत नाही. मला वाटतं घोळ शब्दातच आहे. ‘किरणोत्सारी द्रव्य’ असं आपण एका दमात म्हणतो, पण किरणोत्सार हा अणुकेंद्राचा गुण आहे आणि मातीला त्याचं काही कळत नाही. आयनावर, म्हणजे भारित अणूवर, भार कोणता, आयन केवढा, त्याच्याभोवतीचं पाण्याचं वेष्टन किती घट्ट, एवढंच माती पाहते. सिझियम तिला पोटॅशियमचा भाऊबंद वाटतो, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमचा. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तर पाण्याच्याच रेणूत बसलेलं असतं, त्यामुळे मातीला ते पाण्यापासून वेगळं काढताच येत नाही.

सिझियम-१३७ चं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. मातीत इलाईट जातीची चिकणखनिजं असली तर ते फार दूर जात नाही. ही खनिजं अभ्रकाच्या कुळातली, पापुद्र्यावर पापुद्रा अशी रचलेली. झिजलेल्या कडांशी हे पापुद्रे थोडे उसवतात आणि पाचरीच्या आकाराच्या फटी पडतात. सिझियम आपलं पाण्याचं वेष्टन सहज टाकून देतं, त्या फटीत शिरतं आणि पापुद्रे त्याच्यावर मिटतात. अशा जागा मातीत फार थोड्या असतात, पण सांडलेलं सिझियमही वजनाने नगण्यच असतं, त्यामुळे त्या पुरून उरतात.

पण फक्त चिकणमाती असली तर! चेर्नोबिलच्या अणुअपघाताच्या ढगातून १९८६ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या डोंगराळ भागांवर पाऊस पडला आणि गवतातून मेंढ्यांच्या मांसात सिझियम आलं. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर आणि कत्तलीवर निर्बंध घातले, तीन आठवड्यांसाठी. सपाटीच्या चिकण जमिनीचा अनुभव असा होता की सिझियम लवकरच मातीत अडकतं आणि गवतात यायचं थांबतं. डोंगरावरची माती मात्र पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. तिच्यात चिकणखनिजं जेमतेम, पोटॅशियमही कमी. सिझियमला बसायला जागाच नव्हती. ते मुळांतून गवतात, गवतातून मेंढीत आणि लेंड्यांतून पुन्हा जमिनीत असं फिरत राहिलं. शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले. तीन आठवड्यांची २६ वर्षं झाली. ढग तोच आणि सिझियमही तेच, फक्त माती वेगळी होती. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

जाणकारांनी भर घालावी. मला विशेषतः भूजलाच्या बाजूने समजून घ्यायचं आहे.

भूजलवेडा

मृण्मयी, चांगला विषय. माझं काम भूजलाच्या प्रवाहाची प्रतिमानं (मॉडेल) करण्याचं, तेव्हा त्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे एक आकडा असतो, वितरण गुणांक, बोलताना सगळे ‘के-डी’ म्हणतात. एक किलो मातीला किती चिकटलं आणि एक लिटर पाण्यात किती उरलं, याचं ते गुणोत्तर. ट्रिटियमचा के-डी शून्य. वाळूत स्ट्रॉन्शियमचा समजा ५, आणि थोडी चिकणमाती असेल तर सिझियमचा सहज ५०० किंवा त्याहून जास्त.

याचा अर्थ काय ते हिशेबाने पाहू. मातीची घनता लिटरला १.६ किलो धरा आणि तिच्या पोकळ्यांत ४० टक्के पाणी. १.६ ला ०.४ ने भागलं की ४ येतात. त्या ४ ला के-डीने गुणा आणि १ मिळवा. द्रव्य पाण्यापेक्षा किती पट हळू चालेल ते कळतं. स्ट्रॉन्शियम २१ पट हळू, सिझियम २००१ पट. आता भूजल वर्षाला १०० मीटर सरकतंय असं समजू, हा वेग चांगलाच मोठा आहे. ट्रिटियम पाण्याबरोबर १०० मीटर जाईल, स्ट्रॉन्शियम जेमतेम ५ मीटर, आणि सिझियम ५ सेंटीमीटर. ३० वर्षांत सिझियम दीड मीटर सरकेल आणि तोवर निम्मं संपलेलं असेल. ३०० वर्षांनी ते १५ मीटरवर असेल, पण उरलेलं असेल मूळच्या हजारावा भाग.

चेर्नोबिलच्या लाल जंगलात अपघातानंतर किरणोत्साराने मेलेली झाडं आणि वरची माती चर खणून पुरली. त्यातल्या २२ क्रमांकाच्या चराभोवती युक्रेनी आणि फ्रेंच संशोधकांनी वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. रेताड जमीन, पाणी फार खोल नाही, तरीही स्ट्रॉन्शियम-९० चा पट्टा पहिल्या पंधराएक वर्षांत चरापासून साधारण १० मीटरच पुढे गेला होता.

शेवंती

हिशेब समजला, आभार. मग प्रत्येक मूलद्रव्याचा के-डी एकदाच मोजून तक्ता केला की प्रश्न सुटला, असं का नाही होत?

भूजलवेडा

शेवंती, तसे तक्ते आहेत, आणि मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यातले आकडे उचलून वापरले. ती सवय मोडायला हॅनफर्डची कहाणी कारणीभूत झाली.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड आहे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे बॉम्बसाठी प्लुटोनियम काढलं गेलं. त्याचा उरलेला द्रव जमिनीखालच्या १७७ टाक्यांत साठवलेला आहे, २० कोटी लिटरहून जास्त. त्यातल्या १४९ टाक्या एकाच कवचाच्या. त्यांपैकी ६७ गळल्या असं गृहीत धरतात. १९७३ मध्ये एकट्या टी-१०६ टाकीतून ४ लाख लिटरहून अधिक द्रव गेला. टाक्यांखाली कोरड्या वाळू-गाळाचा जाड थर आहे, त्याखाली भूजल. सिझियम टाकीच्या बुडाशीच अडकेल असा भरवसा होता. पण १९९० च्या दशकात एसएक्स नावाच्या टाकीसमूहाखाली ते अपेक्षेपेक्षा कितीतरी खोल सापडलं.

कारण द्रव साधं पाणी नव्हताच. तो होता ऊन ऊन, जबरदस्त अल्कधर्मी, सोडियमच्या क्षारांनी गच्च भरलेला. एरवी सोडियम सिझियमपुढे टिकत नाही, पण संख्येने एवढं अफाट आलं की त्याने जागा बळकावल्या. सिझियम पुढे ढकललं गेलं. मग जसजसा द्रव पसरून विरळ झाला तसतशी मातीची पकड परत आली आणि ते तिथे थांबलं. म्हणजे के-डी हा मूलद्रव्याचा गुण नाही आणि मातीचाही एकटीचा नाही. माती, द्रव आणि काळ या तिघांत मिळून तो ठरतो आणि बदलत राहतो. तक्त्यातला आकडा मोजला जातो स्वच्छ पाण्यात, आणि गळती कधीच स्वच्छ पाण्याची नसते.

मृण्मयी

याला जोडून अमेरिकेतल्या ओक रिज या अणुसंशोधन केंद्राचं उदाहरण. १९७८ मध्ये तिथल्या पुरलेल्या कचऱ्याबद्दल शोधनिबंध आला होता. कोबाल्ट-६० मातीत धरलं जायला हवं होतं, पण ते चालत निघालं होतं. सफाईसाठी वापरलेलं ई-डी-टी-ए नावाचं रसायन कचऱ्याबरोबर पुरलं गेलं होतं. त्या रेणूने कोबाल्टला चारी बाजूंनी कवेत घेतलं, भार झाकला, आणि मातीला ते कोबाल्ट म्हणून ओळखूच येईना. किरणोत्सार धुऊन काढायला वापरलेल्या रसायनानेच त्याला मातीत पाय दिले. म्हणून पुरलेल्या कचऱ्याच्या यादीत फक्त किती बेकरेल (किरणोत्साराचं एकक) हे लिहून भागत नाही, सोबत काय पुरलं हेही लिहिलं पाहिजे, असं मी अगदी आग्रहाने म्हणेन.

तर्कशील

सगळं वाचलं. पण एक सरळ प्रश्न. अपवाद सोडले तर सिझियम वरच्या थरात अडकतं हे तुम्ही दोघंही मान्य करता. मग लोकांना घाबरवायचं कशाला? अडकलं, विषय संपला.

रानवाट

तर्कशील, अडकलं म्हणजे कुठे अडकलं ते बघा. वरच्या ५ सेंटीमीटरमध्ये! तिथेच बी रुजतं, तिथेच गुरं चरतात, तिथलीच धूळ उडते, आणि तिथूनच गॅमा किरण वर येतात. भूजलाच्या दृष्टीने सुरक्षित असलेली गोष्ट जमिनीवर राहणाऱ्यासाठी सुरक्षित असेलच असं नाही.

जपानमधल्या फुकुशिमात २०११ च्या अणुअपघातानंतर नेमकं हेच करावं लागलं. शेतांचा, अंगणांचा, शाळांच्या मैदानांचा वरचा थर खरवडून काढला. ओकुमा आणि फुताबा या गावांतल्या तात्पुरत्या साठवणीत अशी सुमारे १.४ कोटी घनमीटर माती आणि कचरा गेला. २०४५ पर्यंत तो प्रांताबाहेर अंतिम जागी न्यायचा असा तिथला कायदा आहे. शेतीत वरची ५ सेंटीमीटर माती म्हणजे पिढ्यांनी खत घालून कमावलेला कस. तो पिशव्यांत भरून द्यायचा आणि वर परकी माती आणून टाकायची, हे त्या शेतकऱ्यांनी केलं. मी स्वतः जमिनीत काम करते, मला ते नुसतं वाचूनही सहन होत नाही.

जिथे भातखाचरं ठेवली तिथे पोटॅशियमचं खत वाढवलं. रोपाची मुळं पोटॅशियम ओढण्याच्या वाटेनेच सिझियम ओढतात, मातीत पोटॅशियम भरपूर असलं की सिझियमचा शिरकाव कमी होतो. उपाय साधा आहे आणि लागू पडला.

आणि वाऱ्याचं म्हणाल तर रशियातल्या उरलमधलं कराचाय तळं. मायाक या प्लुटोनियम कारखान्याचा कचरा त्यात १९५१ पासून सोडत होते. १९६७ मध्ये पाणी आटलं, काठ उघडे पडले आणि तळाचा वाळलेला गाळ वाऱ्याने आसपासच्या मुलखावर नेऊन टाकला. मातीने धरून ठेवलं होतं, खरं आहे. मग मातीच उडाली.

तर्कशील

रानवाट, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ‘विषय संपला’ हे शब्द मागे घेतो.

नितळ

मी पदव्युत्तर प्रकल्पात मातीचे स्तंभ केले होते. पहिल्यांदा माती वाळवून, चाळून, नळीत भरली. साध्या, किरणोत्सारी नसलेल्या सिझियमचं द्रावण वरून सोडलं. पुस्तकात असतं तसं सगळं वरच्या दोन सेंटीमीटरमध्ये. मग मार्गदर्शकांनी शेतातून न हलवता कापून आणलेला मातीचा अख्खा ठोकळा दिला आणि वर निळा रंग ओतायला सांगितलं. काही मिनिटांत खालून निळं पाणी ठिबकायला लागलं. ठोकळा उभा चिरला तर एका मेलेल्या मुळाच्या पोकळीतून रंगाची एकच रेघ सरळ खाली गेलेली, आजूबाजूची माती कोरीच.

त्या दिवसापासून चाळलेल्या मातीवरच्या कुठल्याही आकड्याकडे मी सावधपणे बघते. भेगा, गांडुळांची बिळं, कुजलेली मुळं यांतून जाणारं पाणी बहुतेक मातीला भेटतच नाही. भूजलवेडा यांच्या हिशेबात प्रत्येक थेंब प्रत्येक कणाला भेटतो असं धरलेलं असतं, ते प्रत्यक्षात होत नाही.

भूजलवेडा

नितळ, मान्य. सलग वाळूत तो हिशेब बराच जवळ जातो, भेगाळ चिकणमातीत आणि खडकात तो फसतो.

अक्षांश

प्लुटोनियमबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून विचारतो. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं. ते पाण्यात विरघळत नाही, मातीला घट्ट चिकटतं, म्हणून भूजलाला त्याचा धोका नाही असं वाचलं होतं. हे बरोबर आहे का?

मृण्मयी

बरंचसं बरोबर, पण इथेच या विषयातला सगळ्यात मोठा धडा आहे.

अमेरिकेतल्या नेवाडाच्या अणुचाचणीक्षेत्रात १९६८ मध्ये बेनहॅम नावाचा भूमिगत स्फोट झाला. पुढे १९९० च्या दशकात तिथून १.३ किलोमीटरवरच्या विहिरींत प्लुटोनियमचा अंश मिळाला. प्रत्येक स्फोटातल्या प्लुटोनियमच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण बोटांच्या ठशासारखं वेगळं असतं. विहिरीतला ठसा बेनहॅमशी जुळला. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. विरघळून तीस वर्षांत एवढं अंतर कापणं शक्य नव्हतं. उत्तर होतं कलिल कण, म्हणजे चिकणमातीचे किंवा खनिजांचे इतके बारीक कण की पाण्यात तरंगतच राहतात. प्लुटोनियम मातीला चिकटलं होतंच, पण ती मातीच पाण्याबरोबर चालत होती. वर उल्लेख आलेल्या त्या कराचाय तळ्याबद्दलही २००६ मध्ये तसंच दिसून आलं. तळ्यापासून सुमारे ४ किलोमीटरवरच्या भूजलात प्लुटोनियम होतं आणि त्यातलं बरंचसं लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर बसलेलं.

दोन्हीकडे सापडलेलं प्रमाण फार थोडं होतं, हे आवर्जून सांगते. पण चिकटलं म्हणजे थांबलं हे गृहीत मात्र त्यानंतर टिकलं नाही.

भूजलवेडा

अक्षांश, मला स्वतःला प्लुटोनियमपेक्षा टेक्नेशियम-९९ आणि आयोडीन-१२९ यांची चिंता अधिक वाटते. पहिल्याचं अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षं, दुसऱ्याचं सुमारे १ कोटी ५७ लाख. दोन्ही बहुधा ऋणभारित आयनांच्या रूपात असतात. चिकणमातीचे पृष्ठभागही ऋणभारितच, त्यामुळे माती त्यांना धरण्याऐवजी दूर लोटते आणि ते पाण्याच्या वेगानेच जातात. पाण्यात ऑक्सिजन नसेल तर टेक्नेशियमचं रूप पालटतं आणि ते खाली बसतं. ऑक्सिजन परत आला की काही अंशी पुन्हा सुटतं.

हॅनफर्डमध्येच नदीकाठच्या ३०० क्रमांकाच्या भागात युरेनियमचं असं झालं. भूजलातलं युरेनियम काही वर्षांत आपोआप विरेल असा अंदाज होता. विरलं नाही. नदीचं पाणी चढलं की भूजल वर येतं, वरच्या कोरड्या मातीत अडकलेलं युरेनियम थोडं विरघळवून खाली घेऊन जातं, आणि पाणी उतरतं. दर हंगामाला नवा हप्ता. नकाशावर भूजलाची पातळी एका रेघेने दाखवतात, ती रेघ हलते हे हिशेबात आलं नव्हतं.

रानवाट

मग काढून टाकण्याचे उपाय चालतात का?

भूजलवेडा

पाणी उपसून गाळणं ट्रिटियमला लागू नाही, कारण गाळून ते पाण्यापासून वेगळंच होत नाही. स्ट्रॉन्शियमला लागू आहे असं वाटतं, पण हॅनफर्डच्या एन अणुभट्टीजवळ १९९५ पासून उपसा केला आणि फारसा फरक पडला नाही. स्ट्रॉन्शियम मातीवर बसलेलं, पाण्यात थोडंसंच. उपसलं तेवढं माती पुन्हा सोडते. मातीच्या पकडीमुळे ते नदीकडे हळू जात होतं आणि त्याच पकडीमुळे बाहेरही येईना. शेवटी नदीकाठाने जमिनीत कॅल्शियम, सायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण सोडून तिथल्या तिथे अपॅटाइट तयार केलं, हाडांत असतं त्या जातीचं खनिज. त्यात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसतं. ते काढायचं नाही, विरेपर्यंत जागीच बांधून ठेवायचं. अर्धायुष्य साधारण २९ वर्षं असल्यामुळे हे परवडतं. टेक्नेशियमला असली भिंत घातली तर ती दोन लाख वर्षं सांभाळणार कोण?

शेवंती

एवढ्या लांबच्या काळाचा काही खरा पुरावा असू शकतो का?

मृण्मयी

एक आहे, निसर्गाने ठेवलेला. आफ्रिकेतल्या गॅबॉनमधल्या ओक्लो इथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खनिजात आपोआप साखळी अभिक्रिया चालली, भूजलाच्या मदतीने. १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांना तिथल्या खनिजात युरेनियम-२३५ जरासं कमी भरलं म्हणून हे उघडकीस आलं. तिथे तयार झालेलं प्लुटोनियम जागच्या जागी राहून क्षय पावलं, अभिक्रियेत तयार झालेली निओडिमियमसारखी द्रव्यंही बव्हंशी तिथेच आहेत. सिझियम आणि स्ट्रॉन्शियम मात्र बरंचसं निघून गेलं.

पण हे उदाहरण देताना लोक पुढचं सांगत नाहीत. तिथला खनिजसाठा चिकणमातीने वेढलेला होता आणि पाण्यात ऑक्सिजन फारसा नव्हता. तशा जागेसाठी तो पुरावा आहे. फुटक्या टाकीखालच्या हवेशीर वाळूसाठी नाही.

अक्षांश

शेवटचा प्रश्न. मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी आहे. पुढच्या सत्रात जुन्या चाचणीस्फोटांच्या धुळीतून आलेलं सिझियम-१३७ वापरून जमिनीची धूप मोजायची आहे. नमुना घेताना काय सांभाळू?

नितळ

अक्षांश, ३० सेंटीमीटरचा नमुना एकत्र मिसळू नका. दोन-दोन सेंटीमीटरच्या चकत्या करा. न नांगरलेल्या जमिनीत सिझियम वरच्या थरांत जास्त आणि खाली झपाट्याने कमी होत जाताना दिसेल. नांगरलेल्या जमिनीत नांगराच्या खोलीपर्यंत जवळपास सारखं. मिसळलंत तर हा फरकच हातचा जाईल. प्रत्येक चकतीसोबत चिकणमातीचं प्रमाण, सेंद्रिय कर्ब आणि पोटॅशियम मोजा, नाहीतर उद्या दुसऱ्या जागेशी तुलना करता येणार नाही.

आणि नळी ठोकताना वरची माती आतल्या कडेने खाली घासत जाते. नमुना बाहेर काढल्यावर प्रत्येक चकतीची बाहेरची कड खरवडून टाका, मधलाच भाग घ्या. हॅनफर्डच्या टाक्यांखाली एवढ्या खोल सिझियम दिसलं तेव्हाही पहिली शंका हीच निघाली होती, की बोअर घेतानाच ते वरून खाली ओढलं गेलं असेल. ती शंका फिटायला पुढे बरंच खणावं लागलं.